शाळेमागचं माळरान आणि पर्यावरण स्पर्धा: मुलांनी नेमकं काय मोजावं?

वर्गशिक्षिका (धागाकर्ती) | १६ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी एका दुष्काळी तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. डिसेंबरात जिल्ह्याची विद्यार्थी पर्यावरण प्रकल्प स्पर्धा आहे. विषय दिलाय 'आपल्या परिसरातील वन्यजीव आणि त्यांचे संवर्धन'. आठवी-नववीची चार मुलं तयार झाली आहेत, तीन मुली आणि एक मुलगा. विषय सांगितल्याबरोबर चौघांनीही वाघाचं नाव घेतलं. आमच्याकडे वाघ नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे माळ आहे. थोडं गायरान, थोडी वनखात्याची जमीन. खात्याच्या काही पट्ट्यांत मागे गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचं झाड) लावलं होतं, ते आता माणसाच्या डोक्यावर गेलंय. बाकी कुसळी गवत, अधूनमधून बोर आणि हिवर, आणि दगड.

मुलांना पाठ केलेली माहिती तक्त्यावर उतरवायला लावायची नाही, हे मी ठरवलंय. त्यांनी स्वतः काहीतरी शोधावं. पण मी वनस्पतिशास्त्राची, प्राण्यांचं फारसं कळत नाही. हाताशी एक दुर्बीण, एक मोजपट्टी आणि माझा मोबाइल. शनिवारची सकाळची शाळा सुटली की वेळ मिळतो, रविवारीही पालकांची हरकत नाही.

कोणता प्राणी निवडावा? मोजायचं कसं? आणि 'संवर्धन' या भागात काय लिहायचं? दरवर्षी सगळे प्रकल्प 'झाडे लावा, झाडे जगवा'वर येऊन थांबतात.

---

चंडोल | १६ जून, रात्री १०:०२

मॅडम, तुमच्याकडे माळ आहे हे वाचूनच आनंद झाला. वाघावर काम करणाऱ्या मुलांना वाघ दिसणारच नाही. तुमच्या मुलांना पहिल्याच सकाळी डझनभर जाती दिसतील.

पक्षी घ्या. दिवसा दिसतात, हात लावावा लागत नाही, आणि माळावरचे पक्षी ओळखायला शिकता येतात. सुरुवात डोंबारीपासून करा. चिमणीएवढा असतो. नराचं पोट काळं, माथा राखी, मादी साधी मातकट. या दिवसांत नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर उचलतो आणि असा सूर मारताना एक लांब शीळ घालतो. एकदा दाखवलं की मुलं विसरत नाहीत. मग चंडोल, माळटिटवी, तित्तर, पखुर्डी, खाटीक, कापशी. ऑक्टोबरात मध्य आशियातून भोवत्ये येतील, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे शिकारी पक्षी. ते रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतात.

पद्धत सोपी आहे. माळावर सरळ ओळी आखा, प्रत्येकी ५०० मीटरच्या. सूर्योदयानंतरच्या दोन-अडीच तासांत सावकाश चाला. दोन्ही बाजूंना ५० मीटरच्या आत दिसणारा प्रत्येक पक्षी लिहायचा. एकाने पाहायचं, एकाने लिहायचं. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ढग, वारा हे दर वेळी हवंच. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, ती ओळ कोरी सोडायची नाही. शून्यही नोंदच आहे.

तुमच्या शनिवारच्या वेळेत मात्र हे बसणार नाही. शाळा सुटेपर्यंत ऊन चढतं आणि पक्षी गप्प होतात. रविवारची पहाटच धरा.

---

फूटपट्टी | १७ जून, सकाळी ७:३५

शालेय प्रकल्पांना परीक्षक म्हणून बसतो, म्हणून थोडं आधीच्या पायरीबद्दल. 'कोणता प्राणी' हे दुसरं. पहिलं 'कोणता प्रश्न'. 'आमच्या माळावरचे पक्षी' हा विषय झाला. 'गिरिपुष्पाच्या पट्टीत आणि उघड्या माळावर तेच पक्षी असतात का?' हा प्रश्न झाला. दुसऱ्याचं उत्तर काय येईल ते आधी ठाऊक नाही, म्हणूनच मोजायला अर्थ आहे. तुमच्या वर्णनात हा प्रश्न तयारच पडलाय.

संवर्धनाबद्दल. मुलं उपाय आधी लिहितात आणि कारण शोधतच नाहीत. त्यांना गिधाडांची गोष्ट सांगा. १९९० नंतर भारतीय उपखंडात गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली, काही जातींची ९५ टक्क्यांहून जास्त घट झाली. कुणी म्हणालं कीटकनाशकं, कुणी म्हणालं रोगाची साथ, कुणी घरट्यांची झाडं तुटल्याचं सांगितलं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून कारण कळलं: जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कारण सापडेपर्यंत कितीही झाडं लावली असती तरी गिधाडं मरतच राहिली असती.

---

हिरवाई | १७ जून, सकाळी ११:२०

वरच्या सगळ्यांशी सहमत आहे, पण एक वेगळं मत मांडते. आमच्या भागात मुलांनी उजाड टेकडीवर झाडं लावली, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन जगवली. आज तिथे सावली आहे, पाखरं आहेत. मुलांच्या हाताला काम मिळतं आणि परिणाम डोळ्यांना दिसतो. दुष्काळी भागात उघडा माळ हिरवा करणं हेच संवर्धन नाही का? मोजमाप करा, पण शेवटी दोन-तीनशे रोपं लावायचा संकल्प प्रकल्पात असावा असं मला मनापासून वाटतं.

---

कुसळ | १७ जून, दुपारी ३:४५

हिरवाईताई, मुलांनी उन्हात पाणी वाहून झाडं जगवली याचं मोल मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण माळाच्या बाबतीत मी ठाम विरोधात आहे. माझं कामच गवताळ भागांवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माळ म्हणजे जंगल तुटून उरलेली जागा, असं आपण धरून चालतो. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात ते खरं नाही. इथे गवत, मधे विरळ बोर-बाभूळ-हिवर, हेच मूळ रूप आहे आणि ते फार जुनं आहे. सरकारी नोंदींत अशा कितीतरी जमिनी 'पडीक' म्हणून लिहिल्या गेल्या. पडीक म्हटलं की ती कुणालाही द्यायला, नांगरायला किंवा झाडांनी भरायला मोकळी. माळढोकाचं काय झालं ते पाहा. सोलापूर-नगर भागात १९७९ मध्ये त्याच्यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास अभयारण्य जाहीर झालं, पुढे ते बाराशेच्या घरात आलं. आज देशात हा पक्षी दीडशेच्या आत उरलाय, तोही बहुतेक राजस्थानात. त्याला झाड नको असतं. त्याला लांबवर दिसणारं मोकळं गवत लागतं.

दाट झाडी लावली की काय होतं? डोंबारी, चंडोल, माळटिटवी जमिनीवर घरटं करतात. कावळ्याला आणि शिक्र्याला टेहळणीसाठी उंच फांदी मिळाली की त्या घरट्यांची आणि पिल्लांची धडगत नाही. सावलीत कुसळी आणि मारवेल मागे पडतं. गवत गेलं की नाकतोडे कमी, नाकतोडे कमी की भोवत्ये येत नाहीत. कार्बनचं म्हणाल तर गवताळ जमीन तो बहुतेक मातीत आणि मुळांत साठवते, म्हणून वरून काही दिसत नाही.

झाडं लावावीतच. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, गावात. माळावर नको.

---

बीटगार्ड | १७ जून, रात्री ८:१५

नोकरीची सगळी वर्षं माळावरच्या बीटवर (वनरक्षकाच्या गस्तीच्या हद्दीत) गेली, आता निवृत्त आहे. बाईंना काही गोष्टी सांगतो.

गायरानात जायला ग्रामपंचायतीला एक पत्र द्या. वनखात्याच्या हद्दीत जायचं तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करा, मुलांची नावं, दिवस आणि वेळा लिहा. बीटवरचा वनरक्षक बरोबर आला तर फार चांगलं, त्याच्याइतकी पायवाट कुणाला ठाऊक नसते.

अंड्याला, घरट्याला हात नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी घेणं किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. तक्त्यावर अनुसूची (कायद्याला जोडलेली जातींची यादी) लिहिणार असाल तर नवी बघून लिहा. २०२२ च्या दुरुस्तीने सहाच्या चार अनुसूची झाल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून तेच लागू आहे. मुलं जुन्या पुस्तकातून उतरवून घेतात.

माळावर दगड उलटायचे नाहीत. खाली विंचू असतो आणि फुरसं अशाच खडकाळ जागी राहतं. पायात बूट हवेतच, चपलांवर चालणार नाही. लांडग्याची किंवा खोकडाची बीळं सापडली तर तिथून मागे फिरा, जागा वहीत लिहा पण तक्त्यावर किंवा मोबाइलवर टाकू नका. माणसाचा वावर वाढला की मादी पिल्लं हलवते.

एक विषय मुलांना आवडेल. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, खोलात घातली तर कमी, असं आपल्याकडे म्हणतात. टिटवी साधारण चार अंडी घालते, टोकं आत करून. मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची. पाच पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. आसपासच्या माणसांनी घरटी कुठे पाहिली ते विचारून, जागेची उंची आणि तालुक्याचा पाऊस अशी नोंद वर्षानुवर्षे ठेवली तर ही समजूत तपासता येईल. एका वर्षात उत्तर मिळणार नाही, पण पुढच्या वर्गांना काम मिळेल.

---

वाड्यावरची | १८ जून, सकाळी ६:५०

मी धनगराची. आमचे आईवडील अजून मेंढरामागं असतात, मी शिकायला शहरात आहे. हे सगळं वाचून बरं वाटलं, पण एका गोष्टीची आत्ताच धास्ती वाटते. असल्या प्रत्येक प्रकल्पात शेवटी 'अतिचराई' हा शब्द येतो आणि बोट आमच्याकडं वळतं. त्या मुलांनी एकदा वाड्यावर, म्हणजे आमच्या मेंढरांच्या फिरत्या मुक्कामावर, जाऊन बसावं.

मेंढरं एका जागी चरत नाहीत. आज हा माळ, उद्या पुढचा. बऱ्याच भागातले वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. शेतकरी स्वतः मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. माळ खरा खराब होतो तो रस्त्याकडेच्या मुरमाच्या खाणीनं, नांगरटीनं, आणि गावातल्या बारमाही जनावरांनी तोच तुकडा रोज तुडवल्यानं.

लांडग्याचं पण विचारा. तो आमची मेंढरं नेतो, आमच्याइतका त्याचा तोटा कुणाला नाही. तरी आमचे आजोबा म्हणायचे त्याचा वाटा त्याला जातोच. नुकसानभरपाई मिळते पण पंचनामा होईस्तोवर वाडा पुढं गेलेला असतो. हे कुणी लिहीत नाही. मुलांनी लिहिलं तर तेही संवर्धनच.

---

वर्गशिक्षिका | १८ जून, रात्री ९:३०

किती दिलंत सगळ्यांनी! आज मुलांना वर्गात बसवून सगळं वाचून दाखवलं. वाड्यावरचीताई, तुमचा प्रतिसाद वाचताना आमची एक मुलगी एकदम सरळ बसली, तिचे मामा मेंढपाळ आहेत. ती म्हणाली, "मुलाखत मी घेणार." तिचं काम ठरलं.

प्रश्न असा ठरवलाय: 'गिरिपुष्प लावलेल्या पट्ट्या आणि उघडा माळ यांत पक्ष्यांच्या जाती आणि संख्या वेगळ्या आहेत का?' प्रत्येक प्रकारची एकेक ओळ घ्यायचा विचार आहे. चालेल?

---

फूटपट्टी | १८ जून, रात्री १०:२५

एकेक नको, मॅडम. प्रत्येकी किमान चार घ्या. कारण मुलांना चिठ्ठ्यांनी दाखवता येतं.

समजा दोन उघड्या ओळी आणि दोन झाडीच्या. चार चिठ्ठ्यांवर चार आकडे लिहा, पालथ्या घाला, डोळे मिटून दोन-दोनचे गट करा. असे गट फक्त सहा प्रकारे पडतात. म्हणजे दोन्ही मोठे आकडे 'उघडा माळ' या गटात येणं हे नुसत्या योगायोगानेही सहात एकदा होणार. त्यावर कुणी विश्वास का ठेवावा? तीन-तीन ओळी घेतल्या तर वीस प्रकार. चार-चार घेतल्या तर सत्तर. चारही उघड्या ओळींत डोंबारी चारही झाडीच्या ओळींपेक्षा जास्त निघाली, तर योगायोगाने तसं होण्याची शक्यता सत्तरात एक. आता बोलण्यात वजन आलं.

मुलांनी हे स्वतः चिठ्ठ्या पिसून करावं, शंभर वेळा, आणि किती वेळा इतका मोठा फरक पडला ते लिहावं. आठवीच्या मुलाला यासाठी सूत्र लागत नाही. परीक्षकासमोर चिठ्ठ्यांचा डबाच ठेवा.

आणखी एक: एकच ओळ चार वेळा चालणं म्हणजे चार ओळी नव्हेत. त्या ओळीशेजारी पाणवठा असेल तर चारही वेळा तोच पाणवठा मोजला जाईल.

---

आठवीची_आई | १९ जून, दुपारी १:०५

माझी मुलगीही अशाच स्पर्धेत आहे, म्हणून विचारते. मोबाइलवरची अ‍ॅप वापरली तर चालतात का? आवाजावरून नाव सांगणारं मर्लिन तिने घेतलंय.

---

चंडोल | १९ जून, दुपारी २:४०

चालतात, पण मदतनीस म्हणून. मर्लिनने सुचवलेलं नाव डोळ्यांनी पाहून पटल्याशिवाय वहीत जाऊ नये. फुलपाखरं, किडे, झाडं यांच्या फोटोंसाठी आयनॅचरलिस्ट चांगलं, तिथे इतर लोक ओळख तपासून देतात. पक्ष्यांची यादी ई-बर्डवर टाका, पण 'पूर्ण यादी' करा, म्हणजे ओळखलेला प्रत्येक पक्षी, लागलेला वेळ, चाललेलं अंतर. आवडते तेवढेच टाकले तर त्या यादीवरून पुढे काही काढता येत नाही. दुर्मीळ जातींची नेमकी जागा ही दोन्ही ठिकाणं लपवतात, तरीही बीटगार्डकाकांचं लक्षात ठेवा.

कागदी वही मात्र हवीच. माळावर नेमकी तेव्हाच बॅटरी संपते. आणि ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, तेव्हा शाळेतल्या बाकीच्या मुलांनाही माळावर नेता येईल.

---

कुसळ | १९ जून, संध्याकाळी ६:१५

मॅडम, चौघांत एखादं मूल धावपळं असेल तर त्याला सरड्यांचं काम द्या.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथल्या अभ्यासाचा निबंध २०१८ मध्ये आला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. आणि पवनचक्क्यांच्या भागात गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारे सरडे जास्त होते, कारण वरून झडप घालणारं कमी. पुढची गोष्ट मला फार आवडते: ते सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते. भीतीच कमी झाली होती. वरचा एक दुवा हलला आणि खालच्या प्राण्याची वागणूक बदलली.

हे अंतर मोजायला फक्त मोजपट्टी लागते. सरडा दिसला की त्याच्याकडे सरळ, एकाच चालीने चालत जायचं. तो पळाला त्या क्षणी आपल्या पायाशी खूण टाकायची. मग आपल्या खुणेपासून सरडा बसला होता तिथपर्यंतचं अंतर. दर वेळी चालणारं मूल तेच आणि चाल तीच हवी. कपडेही फार भडक नकोत. झाडीच्या पट्टीत आणि उघड्यावर हे अंतर वेगळं येतं का ते बघा. पकडायचं नाही, पाठलाग नाही, एका सरड्यावर एकदाच.

---

वर्गशिक्षिका | २८ सप्टेंबर, रात्री ८:५०

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. काम नेमाने चालू आहे, चार उघड्या आणि चार झाडीच्या ओळी. मुलं आता माझ्या आधी पक्षी ओळखतात. सरड्यांचं काम पावसामुळे थांबलंय, ऊन पडलं की पुन्हा सुरू करू.

दोन गोष्टींवर अडलोय. एक, जून-जुलैत उघड्या ओळींवर भरपूर असलेली डोंबारी सप्टेंबरात जवळजवळ दिसेनाशी झाली. मुलं हिरमुसली आहेत. दुसरी मोठी आहे. जातींची बेरीज केली तर झाडीच्या ओळींत जाती जास्त निघताहेत. बुलबुल, सातभाई, होला, शिंपी, कोतवाल, मुनिया. म्हणजे झाडं लावल्याने जैवविविधता वाढली, असंच लिहावं लागेल ना? कुसळताई, तुमचं म्हणणं पटलं होतं, पण आकडे उलटं सांगताहेत आणि मुलांना आकडे लपवायला मी शिकवणार नाही.

---

चंडोल | २८ सप्टेंबर, रात्री ९:४०

पहिल्याचं उत्तर मी देतो. गवत किती वाढलंय? गुडघ्याएवढं असेल तर डोंबारी आत बसलेली असली तरी दिसणार नाही. त्यात जूनमध्ये नर हवेत सूर मारत होते, ते आता थांबलं. पक्षी कमी होणं आणि पक्षी कमी दिसणं यांत फरक आहे. एक महिना दुसऱ्या महिन्याशी ताडून बघू नका, एकाच सकाळच्या उघड्या आणि झाडीच्या ओळी ताडून बघा. आणि आजपासून प्रत्येक ओळीवर ठरावीक अंतराने काठीने गवताची उंची मोजा. तो रकाना अहवालात फार उपयोगी पडेल.

---

कुसळ | २९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

आकडे बिलकुल लपवू नका. उलट ही तुमच्या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे.

मुलांना सांगा, एक रविवार शाळेच्या आवारात आणि गावात चाला, त्याच पद्धतीने. मग सगळ्या जातींचे दोन रकाने करा. एकात गावात किंवा आवारातही दिसलेल्या जाती, दुसऱ्यात फक्त माळावर दिसलेल्या. माझा अंदाज असा आहे की बुलबुल, सातभाई, होला, शिंपी, कोतवाल पहिल्या रकान्यात जातील. त्यांना तुमच्या माळाची गरज नाही, कुठल्याही परसात ते सुखाने राहतात. डोंबारी, माळटिटवी, पखुर्डी दुसऱ्या रकान्यात उरतील. आणि त्या दुसऱ्या रकान्यातल्या किती जाती गिरिपुष्पाच्या ओळींत दिसल्या, ते मोजा.

झाडी लावल्याने यादी लांबली हे खरं आहे, तसंच लिहा. पण ती यादी गावातल्या पाखरांनी लांबली आणि माळाचे रहिवासी तिथून बाहेर पडले, असं आकड्यांनी निघालं तर तेही लिहा. नुसत्या जाती मोजल्या तर माळाचं नुकसान फायद्यासारखं दिसतं. माझा अंदाज चुकला तर तसंच मांडा, मला ते वाचायला आवडेल.

---

हिरवाई | २९ सप्टेंबर, सकाळी १०:३०

हा दोन रकान्यांचा मार्ग मला फार पटला. आमच्या टेकडीवर आधी कोणते पक्षी होते ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. आता जवळच्या दुसऱ्या उघड्या टेकडीवर मुलांना घेऊन जाते आणि झाडं लावण्याआधी नोंद करायला लावते. लावायची की नाही ते मग ठरवू.

---

वर्गशिक्षिका | २९ सप्टेंबर, रात्री ९:१५

आज वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले तेव्हा मुलांनीच भराभर नावं टाकली आणि मग अचानक शांत झाली. त्यांना दिसलं. गावातली फेरी येत्या रविवारी आहे. मग संवर्धनात काय सुचवायचं? गिरिपुष्प तोडा, असं?

---

बीटगार्ड | २९ सप्टेंबर, रात्री १०:००

तोडा असं लिहू नका बाई. खात्याच्या जमिनीवरचं झाड आहे, त्याला परवानगी, नियोजन सगळं लागतं, आणि चार मुलांच्या एका हंगामाच्या नोंदीवरून तेवढं मागणं बरोबर नाही. असं सुचवा: उरलेल्या उघड्या माळावर नवी लागवड नको, ती ओढ्याकाठी आणि आवारात वळवा. माळाचा वणवा टाळण्यासाठी उन्हाळ्याआधी जाळरेषा (गवत आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा). जमिनीवरच्या घरट्यांच्या दिवसांत तिथे मुरूम उचलायला बंदी.

शिवाय प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या जैवविविधता कायद्याने. तुमच्या गावची मागून बघा. माळावरचे पक्षी त्यात आहेत का? नसतील तर मुलांनी यादी करून समितीला लेखी द्यावी. ते खरं काम.

---

वाड्यावरची | ३० सप्टेंबर, सकाळी ६:३०

मोकाट कुत्र्यांचं पण घाला. माळावर गावची कुत्री टोळीनं फिरतात, ससे मारतात, टिटवीची पिल्लं खातात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेला तपासणीत निघालाय. ओळीवर चालताना किती कुत्री दिसली ते लिहायला काही कष्ट नाहीत.

आणि दिवाळीनंतर आमचे वाडे निघाले की पुन्हा मोजा. मेंढरं असताना आणि नसताना काय फरक ते दिसेल. फक्त एक ध्यानात ठेवा, त्याच दिवसांत तुमचे भोवत्ये येतात. मेंढरं गेली म्हणून पाखरं आली असं लिहू नका.

---

फूटपट्टी | ३० सप्टेंबर, सकाळी ८:०५

शेवटची सूचना फार मोलाची आहे, अहवालात जशीच्या तशी घ्या. 'आमच्या अभ्यासाच्या मर्यादा' असा एक परिच्छेद हवाच. एकच हंगाम, एकच माळ, उंच गवतात पक्षी न दिसणं, वाडे जाणं आणि थंडीचे पाहुणे येणं एकाच वेळी होणं. हे मुलं स्वतःहून सांगतात तेव्हा परीक्षकाला कळतं की काम त्यांनीच केलंय.

तक्ता सुटसुटीत ठेवा: प्रश्न, माळाचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर आठ ओळी, दोन रकाने, एक स्तंभालेख. मेंढपाळांच्या मुलाखती त्यांच्याच शब्दांत, परवानगी घेऊन, नाव न छापता. आणि मातीचे डाग पडलेली मूळ वही टेबलावर ठेवा, स्वच्छ उतरवलेली प्रत नव्हे. मी तरी आधी ती उघडतो.